गंजलेल्या बोल्टांना जस्ताचा मुलामा द्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार. खानापूर तालुक्यातील पावसात बरीच वर्षे उघड्या शेडमध्ये राहिलेली प्रीमियर पद्मिनी मोटार आम्ही पुन्हा उभी करीत असून, तिचे बोल्ट डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासले, तरी आट्यांच्या तळाशी तांबूस थर चिकटून आहेच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ॲसिडमध्ये धुऊन जस्ताचा मुलामा देणारे आहेत; परंतु डोक्यावर १०.९ (जास्त ताकदीच्या पोलादाची खूण) कोरलेल्या बोल्टांत या प्रक्रियेने हायड्रोजन शिरल्यास ते ताणाखाली अचानक तुटू शकतात, म्हणून मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवावे लागतात. ही सोय बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडे कोठे आहे? सस्पेन्शनचे बोल्ट तर नवेच घ्यावेत, असे माझे मत आहे. बॉडीच्या मूळ बोल्टांना मात्र फॉस्फेटिंग (फॉस्फेटचा पातळ थर चढविणे) करून तेल लावले, तर ते आपल्याकडच्या पावसात टिकेल काय?