फिलाडेल्फिया: आठवीच्या कृष्णवर्णीय मुलांची विद्यापीठभेट कशी आखावी?

नीलांबरी_प
नमस्कार मंडळी. पश्चिम फिलाडेल्फियातल्या एका सरकारी शाळेतली आठवीची ४८ मुलं एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या नर्सिंग-मेडिकल इमारतीत न्यायची आहेत. जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. या शहरात दहातले चारजण कृष्णवर्णीय, पण देशभरच्या डॉक्टरांत ते शंभरात सहाच्या आसपास. म्हणून शाळेच्या समुपदेशक बाईंनीच हा दिवस मागितला आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळातले सातजण (नर्स, फार्मासिस्ट, दोन डॉक्टर) मदतीला येतील. विद्यापीठाने सुचवलेला कार्यक्रम असा: डीनचं भाषण, ४० मिनिटं स्लाइड, इमारत दाखवणं, प्रश्नोत्तरं. मला तो पोकळ वाटतोय. काय बदलू? कागदपत्रं कोणती लागतील? बस दीडच्या आत शाळेत परत हवी.

खडूफळा
भाषण आणि स्लाइड दोन्ही काढा. तेरा वर्षांचं मूल हातात काही आलं की आपणहून विचारायला लागतं, खुर्चीत बसवलं की गप्प होतं.

१२-१२ मुलांचे चार गट, चार टेबलं, प्रत्येकी २५ मिनिटं आणि हलायला ५. पावणेदहाला सुरू केलंत की पावणेबाराला संपतं. मग नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसोबत डबा, पाऊण वाजता बस. पाचवं टेबल घालायचा आग्रह होईल, तो मोडून काढा. वेळ तेवढाच राहतो आणि निम्म्या मुलांचा हातच कशाला लागत नाही.

पहिलं टेबल सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याचं. १२ मुलांमागे किमान तीन मॅनिकिन (सरावाचे पुतळे), तेही जमिनीवर. टेबलावर ठेवले की मुलांचे खांदे हातांच्या वर येत नाहीत, मग ती कोपरं वाकवून नुसत्या दंडाच्या जोरावर दाबतात आणि छाती पुरेशी खाली जातच नाही. हवी किमान ५ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गुडघे मॅनिकिनला लागून, कोपरं ताठ, वजन वरून. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे हमखास राहतं.

दुसऱ्या, स्टेथोस्कोपच्या टेबलावर "काहीच ऐकू येत नाही" हे ऐकायची तयारी ठेवा. कानातली टोकं नाकाच्या दिशेने झुकलेली हवीत, मुलं उलटी घालतात. ती बरोबर असूनही आवाज नसेल तर पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मारून बघायची आणि गप्प असला तर गोल तबकडी नळीपाशी अर्धा फेरा फिरवायची. प्रत्येकाने स्वतःचंच हृदय ऐकायचं, दुसऱ्याच्या छातीला हात नाही. प्रत्येक वापरानंतर कानाची टोकं अल्कोहोलच्या कापसाने पुसा.

तिसरं टेबल शीर शोधण्याचं. लॅबला काळ्या त्वचेचे सरावाचे कृत्रिम हात आधीच सांगून ठेवा, नाहीतर गोरे हात मांडून ठेवतील. "निळी रेघ शोधा" असं शिकवलं तर मुलांना ती स्वतःच्या हातावर दिसत नाही आणि आपल्यातच काही कमी आहे असं वाटतं. शीर बोटाने चाचपायची असते, दाबून सोडली की उसळते ती. सुई नको, एवढंच पुरे.

चौथं पल्स ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. थंड बोटं आणि गडद नेलपॉलिश यांनी आकडा चुकतो, हे मुलं पटकन पकडतात. मग खरी गोष्ट सांगा: काळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हे पुन्हा ठळकपणे दिसलं. "हे दुरुस्त कोण करणार?" एवढंच विचारून थांबा. डॉक्टर होण्याची ओढ नसलेलं, पण यंत्र उघडून बघणारं मूल इथे जागं होतं.

आणि लॅबमध्ये केस झाकायच्या टोप्या मोठ्या मागवा. वेण्या आणि लॉक्सवर (जटांसारख्या वळलेल्या केसांवर) नेहमीची टोपी बसत नाही, आणि दारातच अवघडलेलं मूल दिवसभर मोकळं होत नाही.

कागदपत्रे_सांभाळा
पेनसिल्व्हेनियात मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या स्वयंसेवकाला तीन दाखले लागतात: राज्य पोलिसांचा, बाल-अत्याचार नोंदींचा आणि एफबीआयचा, बोटांच्या ठशांवरून. राज्यात सलग दहा वर्षं राहिलेल्याला एफबीआयऐवजी प्रतिज्ञापत्र चालतं. आपल्याकडचे बरेचजण अलीकडे आलेले, त्यांना ठसे द्यावेच लागतील. ठशांची वेळ मिळून दाखला यायला वेळ लागतो, म्हणून सात आठवडे आधी सुरुवात करा. एकाच दिवसासाठी येणाऱ्यांना काय लागेल हे शाळेलाच विचारा, पण दाखले काढून ठेवलेले बरे, पाच वर्षं चालतात.

पालकांच्या परवानगीपत्रात फोटोची परवानगी वेगळ्या चौकटीत घ्या, अ‍ॅलर्जीही तिथेच विचारा. हातमोजे नायट्राइलचे, लेटेक्सचे नकोत. रुग्ण असलेल्या मजल्यावर नेऊच नका.

अजून एक. विद्यापीठ-प्रवेशात वंश बघायला मनाई करणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर विद्यापीठांचे वकील धास्तावलेले असतात. अर्जावर वंशाची अट घालू नका. अख्खा वर्ग किंवा अख्खी शाळा बोलवा, मुलं तीच येतात आणि आक्षेपाला जागा राहत नाही.

नीलांबरी_प
मनापासून आभार. आमच्यातले दोन डॉक्टर विचारताहेत की डब्याच्या वेळी त्यांनी मुलांशी बोलावं का?

ओसरी
नीलांबरीताई, त्यांना टेबलं सांभाळू द्या. बोलायला त्या मुलांच्याच वस्तीतून वर आलेली माणसं हवीत, आणि वेगवेगळ्या पायऱ्यांवरची. फक्त डॉक्टर आणलेत तर मुलं ऐकतात एवढंच: चार वर्षं कॉलेज, चार मेडिकल, वर तीन ते सात रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. ज्या घरात पुढच्या महिन्याचं भाडं मोजलं जातं, तिथे हा हिशेब ऐकून दार बंद होतं.

म्हणून नर्स-एड, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस आणा (केंद्र सरकारचा किमान नियम ७५ तासांच्या प्रशिक्षणाचा), दोन वर्षांच्या पदवीवर काम करणारी रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वसनाचे उपचार करणारी) आणा, एक्स-रे काढणारा आणा. कम्युनिटी कॉलेज ऑफ फिलाडेल्फियात यातले अभ्यासक्रम आहेत. नर्सिंगची दोन वर्षांची आणि चार वर्षांची पदवी, दोघांनाही परवान्याची परीक्षा एकच. हे पालकांना माहीत नसतं, ते घरी जाणाऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात छापा. त्याच कागदावर: नववीच्या आत बीजगणित. ते मागे पडलं की केमिस्ट्री मागे पडते, आणि अकरावीत जाग येऊन उपयोग होत नाही.

या शहराचा इतिहासही त्यांचा आहे. नेथन मॉसेल १८८२ साली पेन (पेनसिल्व्हेनिया) विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर झाले आणि १८९५ मध्ये त्यांनी इथेच रुग्णालय काढलं, सोबत कृष्णवर्णीय मुलींसाठी नर्सिंगची शाळा. पुढे मेडिकल कॉलेजांची झाडाझडती घेणाऱ्या १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर देशातल्या सात कृष्णवर्णीय मेडिकल कॉलेजांपैकी दोनच टिकली, हॉवर्ड आणि मेहॅरी. आजचा तो शंभरात सहाचा आकडा कुठून आला, त्याचं एक मोठं कारण हे आहे. मुलांना ते कळू द्या, नाहीतर दोष ती स्वतःकडे घेतात.

आपल्या मंडळींना काही सांगायचंच असेल तर हे सांगा: कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली याच शहरातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्याच कॉलेजातून १८६७ मध्ये, म्हणजे आनंदीबाई दोन वर्षांच्या असताना, रिबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. दोन मिनिटं पुरतील, आणि नाव आधी रिबेकाचं घ्या.

खडूफळा
ओसरी म्हणतात ते पूर्ण पटलं. त्यात एक जोड: बसमध्ये चढण्याआधी प्रत्येक मुलाकडून कार्ड भरून घ्या, "कोणत्या टेबलावर परत यायचंय?" कार्डं समुपदेशक बाईंकडेच राहू द्या. विद्यापीठाकडून उन्हाळी वर्गातल्या चार-पाच जागांचं लेखी आश्वासन भेटीआधी घ्या. नंतर मागायला गेलात तर सेमिस्टर संपलेलं असतं आणि फोन कुणी उचलत नाही.