‘दर्दी’ फक्त गाण्याचाच असतो का?

पारसिककर
आमच्या बेलापूरच्या सोसायटीच्या वार्षिक अंकासाठी मी एक लेख दिला. विषय गोल्फ. खेळण्यावर नाही, टीव्हीवर बघण्यावर. त्यात मी स्वतःला ‘गोल्फचा दर्दी’ म्हटलं होतं. अंक बघणाऱ्या काकूंनी ‘दर्दी’ खोडून तिथे ‘चाहता’ लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की दर्दी गाण्याचा असतो, फार तर नाटकाचा. खेळाचा दर्दी त्यांनी कधी ऐकलेला नाही.

मला ‘चाहता’ पटत नाही. चाहता एखाद्या माणसाचा असतो. गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयचा मी चाहता आहेच, पण तो त्या आठवड्यात कट चुकला, म्हणजे अर्ध्यावरच स्पर्धेबाहेर गेला, तर मी टीव्ही बंद करत नाही. कोणीही खेळत असो, उतरत्या ग्रीनवर (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) लांबचा पट, म्हणजे चेंडू घरंगळत होलमध्ये घालायचा फटका, मारायचा असला की माझा श्वास अडकतो. आणि ‘दर्दी’मध्ये दर्द आहे, तो मला सोडवत नाही. मॅकिलरॉयने २०१४ साली पीजीए चॅम्पियनशिप जिंकली, त्यानंतर पुढचं मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) मिळायला २०२५ उजाडलं. मधली सगळी वर्षं आम्ही त्याला हरताना बघितलं. त्या एप्रिलमध्ये ऑगस्टाला, मास्टर्स स्पर्धेत, शेवटच्या दिवशीसुद्धा तेराव्या होलवर वेज काठीचा सोपा फटका त्याने पाण्यात घातला आणि पंधराव्यावर सात नंबरच्या आयर्न काठीने झाडाला वळसा घालून चेंडू झेंड्याजवळ आणून ठेवला. अठराव्यावर जिंकायचा पट चुकला. मग जस्टिन रोझबरोबर बरोबरी सोडवायचा प्लेऑफ. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची पहाट झाली होती. प्लेऑफमधला पट होलमध्ये गेल्यावर तो गुडघ्यांवर कोसळला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. याला ‘चाहता’ म्हणायचं?

जाणकारांनी सांगावं.

तलावपाळी
काकूंचं बरोबर आहे. ‘दर्दी’ला दाद लागते, आणि दाद समोरासमोर द्यावी लागते. गडकरी रंगायतनला आमच्या पिढीने जे ऐकलं-पाहिलं, तिथे बाहेर पडताना लोक म्हणायचे, ‘आज गर्दी होती, दर्दी कमी होते.’ म्हणजे दर्दी गर्दीतून वेगळा काढावा लागतो. समेवर ज्याची मान आपोआप हलते तो दर्दी. टीव्हीसमोर बसलेल्याची दाद खेळाडूला कशी कळणार?

खेळासाठी आपल्याकडे चांगला रुळलेला शब्द आहे, शौकीन. कुस्तीशौकीन, बैलगाडा शौकीन. आमच्या साताऱ्याकडे जत्रेच्या फ्लेक्सवर ‘तमाम कुस्तीशौकिनांना’ असं लिहितात, कोणी अर्थ विचारत नाही. गोल्फशौकीन लिहा, काकूही मान्य करतील.

शब्दवेल्हाळ
दर्दी फारसी, शौक अरबी. आपण फक्त या दोन शब्दांबाबतच भांडणार का? ‘रसिक’ आहे की. नाट्यरसिक, क्रीडारसिक. रस घेणारा तो रसिक, यात जाणकारीही आली आणि हळवेपणाही. सावरकरांनी ‘मेयर’ला ‘महापौर’ दिला तेव्हाही लोक नाक मुरडत होते, आज ठाण्याच्या महापौरांना कोणी मेयर म्हणत नाही. प्रयत्न केला की शब्द रुळतो. गोल्फरसिक जरूर वापरून पाहावा.

खाडीपलीकडे
शब्दवेल्हाळ, तुमच्या प्रतिसादातले ‘फक्त’, ‘बाबत’ आणि ‘जरूर’ अरबीतून आले आहेत. ते काढा म्हणत नाही, त्यांच्यावाचून तुमचं वाक्य इतकं मराठी झालं नसतं एवढंच म्हणते.

माझा अडथळा वेगळा आहे. मी मुलुंडची, लग्नानंतर ऐरोलीत आले. माहेरी शेजार सगळा गुजराती. गुजरातीत ‘दर्दी’ म्हणजे रुग्ण. दवाखान्याच्या पाटीवर ‘दर्दीओ माटे’ असं लिहिलेलं वाचतच मी मोठी झाले. वडील एकदा ‘मी भीमसेनजींचा दर्दी’ म्हणाले, तर शेजारच्या बेननी काळजीने विचारलं होतं, कधीपासून? तेव्हापासून मला या शब्दात आजारपण ऐकू येतं. पण पारसिककरांचा लेख वाचताना वाटलं, अकरा वर्षं वाट बघणाऱ्याला ते आजारपणही लागू आहेच. म्हणून माझं मत दर्दीला.

तलावपाळींचा दादेचा मुद्दा मात्र मला अर्धाच पटतो. ऑगस्टाला प्रेक्षकांना ‘प्रेक्षक’ म्हणतच नाहीत, ‘पेट्रन’ म्हणतात. तिथे फोन आत नेता येत नाही, पळता येत नाही. खेळाडू चेंडूवर उभा राहिला की हजारो माणसं चिडीचूप, आणि पट गेला की झाडांपलीकडून असा गजर उठतो की दुसऱ्या होलवरच्या लोकांना न बघता कळतं, कोणी काहीतरी करून दाखवलं. मैफिलीतही हेच नाही का होत? मी एका माहितीपटाच्या उपशीर्षकांचं काम केलं तेव्हा या ‘पेट्रन’वर अडले होते. ‘आश्रयदाते’ लिहिलं तर राजाश्रय वाटतो. शेवटी ‘मायबाप प्रेक्षक’ लिहिलं. नाटकवाल्यांचाच शब्द, पण तिथे नेमका बसला.

पारसिककर
खाडीपलीकडे, ‘मायबाप प्रेक्षक’ फार आवडला.
तलावपाळी, रेडिओवर रात्रीची संगीतसभा ऐकणारे दर्दी नव्हते का? गायकाला त्यांची दाद कुठे कळत होती?

तलावपाळी
रेडिओचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही खेळाच्या आधी ‘दर्दी’ मला जड जातो. सवयीचा प्रश्न असेल.

खारघरची टेकडी
मला एक खटकतंय. ज्याने आयुष्यात काठी हातात धरली नाही तो या खेळाचा दर्दी कसा? मी खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर जातो. सेंट्रल पार्कला लागून, पांडवकड्याच्या डोंगराखाली. दुपारच्या वाऱ्यात तिथे एक चेंडू सरळ मारून बघा, मग मॅकिलरॉयने काय केलं ते अंगाला कळेल. टीव्हीवर चढ-उतार दिसत नाहीत. कॅमेरा ग्रीन सपाट करून टाकतो.

पारसिककर
सवाई गंधर्वला पूर्वी रात्रभर बसणाऱ्या किती जणांना दोन सूर लावता यायचे? दर्दी गात नसतो. त्याला ऐकता येतं, म्हणूनच तर त्याला वेगळा शब्द आहे.

आणि कॅमेऱ्यातूनही बघायला शिकता येतं. आधी पट मारणाऱ्याचा चेंडू कुठे वळतो ते मी बघून ठेवतो, म्हणजे नंतरच्याची रेषा समजते. कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) आणि खेळाडू ग्रीनभोवती कुठून कुठे चालतात तेही बघतो. २०२५ च्या यूएस ओपनला ओकमाँटवर जे. जे. स्पॉनने शेवटच्या होलवर ६४ फुटांचा पट घातला. त्याच्याबरोबर खेळणाऱ्याचा चेंडू जवळपास त्याच रेषेत होता आणि तो आधी मारून झाला होता. स्पॉन काय निरखतोय हे मलाही घरबसल्या दिसत होतं. या बघण्यालाच मला शब्द हवा आहे.

खारघरची टेकडी
हे मान्य. ती रेषा मीही बघितली होती.

जाता जाता, लेखात ग्रीनला ‘हिरवळ’ लिहिलं असेल तर काढा. पेपरवाले लिहितात, पण मधला कापलेला फेअरवेही हिरवळच आणि कडेचं वाढलेलं रफही हिरवळच. मग चेंडू ‘हिरवळीवरून हिरवळीवर’ जातो. ग्रीनला ग्रीनच म्हणावं.

शब्दवेल्हाळ
मग होलला काय लिहिणार? ‘छिद्र’ वाचलंय मी एका बातमीत, ‘अठरा छिद्रांचे मैदान’. त्यापेक्षा ‘खळगा’ बरा.

दांडूबहाद्दर
छिद्र सुईला, खळगा रस्त्याला. आपल्या पोरांनी या गोष्टीला पिढ्यान् पिढ्या नाव दिलेलं आहे, ‘गल’. गोट्या खेळताना जमिनीत टाचेने करायची ती गल. विटीदांडूतही विटी आडवी ठेवतात ती गलीवर. गोटी गलीत गेली, यात जो आनंद आहे तोच पट गेल्याचा. अठरा गलींचं मैदान! ऐकायलासुद्धा मातीचा वास येतो.

गुणांची नावंही बघा. गोल्फमध्ये पारपेक्षा (होलसाठी ठरलेले फटके) एक कमी ती बर्डी, दोन कमी ती ईगल, तीन कमी ती अल्बट्रॉस. पक्षी मोठा होत जातो. आपण विटी मारून अंतर मोजायचो ते वकट, लेंड, मुंड, नाल. हे आकडे तेलुगू, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कोकणातली पोरं तेलुगूत मोजत होती आणि त्यांना ते मराठीच वाटत होतं. मग बर्डीचं भाषांतर कशाला करायचं? खेळाबरोबर आलेले शब्द खेळाबरोबर राहतात.

खाडीपलीकडे
वकट-लेंड तेलुगू आहेत हे माहीत नव्हतं! माझी आजी ते खडे मोजतानाही म्हणायची.

‘गल’ मला चालेल, पण सगळ्यांना समजेल का? आताच्या मुलांनी गोट्या पाहिलेल्या नाहीत. ‘गल’ वाचून त्यांना मासे धरायचा गळ आठवेल.

खारघरची टेकडी
खेळाबरोबर आपलेही शब्द गेले आहेत. कोलकाता, दिल्लीच्या जुन्या क्लबांत चेंडू कुठे पडतो ते बघायला पुढे जो माणूस पाठवतात त्याला ‘आगेवाला’ म्हणतात. इंग्रजीत तो ‘फोरकॅडी’. चेंडू कोणाच्या अंगावर जाऊ लागला की ‘फोर!’ असं ओरडतात, तेही त्यावरूनच आलं असं मानणारे बरेच आहेत. रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा आहे, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी. आपल्याकडे चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा. इतक्या वर्षांत बॅग वाहणाऱ्या, गवत कापणाऱ्या माणसांनी किती शब्द घडवले असतील. भाषांतर करण्याआधी ते गोळा करायला हवेत.

पारसिककर
हे कराच. तुम्ही तिथे जाता, तुम्हालाच जमेल.

आगेवाल्यावरून आठवलं. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकची बॅग तिच्या आईने वाहिली होती. पहाटेपासून बघत होतो. एका फटक्याने पदक हुकलं, चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि सकाळचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या राहिलं. तिचा अठराव्यावरचा पट गलीत जायला हवा होता. हो, ‘गलीत’ लिहिताना बरं वाटलं.

दांडूबहाद्दर
बघा, बसला ना शब्द!

आता माझा आवडता मुद्दा. विटी आपण ‘कोलतो’. डच भाषेत काठीला ‘कोल्फ’ म्हणतात आणि गोल्फ हा शब्द त्यावरूनच आला असं बरेच अभ्यासक मानतात. सतराव्या शतकात डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. कोल्फ आणि कोलणे, दोन्हीकडे काठी, दोन्हीकडे जमिनीवरची वस्तू उडवायची. योगायोग म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

शब्दवेल्हाळ
नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. डचांकडे ते काठीचं नाव आहे, आपल्याकडे क्रियापद. काठीला आपण दांडू म्हणतो. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांकडून शब्द आला असता तर काठीचं नाव आधी आलं असतं आणि किनाऱ्यावर जास्त दिसलं असतं. विटी तर देशावर, वऱ्हाडात, सगळीकडे कोलतात.

तलावपाळी
शिवाय ‘कोलदांडा’ आहे, ‘कोलांटी’ आहे. ही सगळी एकाच घरातली असतील तर डचांची गरजच उरत नाही.

दांडूबहाद्दर
कोलदांड्यात तर दांडा आलाच की! गुडघ्यांखालून काठी घालून हात बांधायची ती जुनी शिक्षा. पण त्यात उडवणं कुठे आहे? तो ‘कोल’ वेगळा असावा.

खाडीपलीकडे
आमच्याकडे ‘कामात कोलदांडा घालणे’ एवढंच वापरतात, अडथळा आणणे. शिक्षेचा अर्थ आजच कळला. कोलांटीत माणूस उलटतो, विटी कोलताना विटी उलटते. तो धागा जास्त खरा वाटतो.

शब्दवेल्हाळ
कोलांटीचं मूळ बघावं लागेल. कोल्हाटी लोकांच्या कसरतीशी ते जोडणारेही आहेत. कोणाकडे जुना कोश असेल तर ‘कोल’पासून सुरू होणारी पानं टाका.