‘पिएता’मधील मरिया इतकी तरुण का?

प्रश्न (शिल्पजिज्ञासू):
रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकातील मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पाविषयी दोन शंका आहेत. क्रुसावर मरण पावलेल्या पुत्राचे शव मांडीवर घेतलेली मरिया त्याच्याहूनही लहान वयाची भासते, ती का? आणि हा प्रसंग बायबलमधील कोणत्या शुभवर्तमानात (येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथात) आला आहे? मला तो सापडला नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर १ (वसईकर):
आपल्याला तो सापडणार नाही, कारण चारही शुभवर्तमानांत तो नाही. मरिया क्रुसाजवळ उभी होती आणि येशूने तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवले, एवढे त्यांपैकी एका शुभवर्तमानाचा कर्ता योहान सांगतो; पुढे शव उतरवणारा अरिमथाईचा योसेफ येतो, सुगंधी द्रव्ये घेऊन निकदेम येतो, पण त्या वेळी आईचे काय झाले याविषयी योहान अवाक्षरही काढत नाही. ही रिकामी जागा भक्तांनी आणि कवींनी भरली. सहाव्या शतकात रोमानोस या कवीने क्रुसाकडे नेला जाणारा पुत्र आणि त्याच्या मागून निघालेली आई यांचा संवाद ग्रीक भाषेत रचला होता. आमच्या चर्चमध्ये उपवासकाळात जी क्रुसाची वाट (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे टप्प्याटप्प्याने स्मरण करणारी प्रार्थना) केली जाते, तिच्या चौदा स्थानांपैकी चौथ्या स्थानी होणारी मायलेकांची भेटही बायबलमध्ये नाही, आणि तेराव्या स्थानाच्या चित्रात तर शव बहुधा आईच्या मांडीवरच असते.

उत्तर २ (कलाभ्यासक):
वरील माहितीला पुरवणी जोडतो. मांडीवरील शवाची ही रचना इटलीची नव्हे. ती जर्मन प्रदेशात १३००च्या सुमारास रूढ झाली. बॉनच्या संग्रहालयातील त्या काळची लाकडी मूर्ती पाहावी: वेदनेने पिळवटलेला चेहरा, हाडांचा सापळा झालेला पुत्र आणि रक्ताचे गोठलेले गोळे. पाहणाऱ्याने आईबरोबर रडावे, हाच तिचा हेतू आहे. मायकेलअँजेलोकडे हे काम १४९८ मध्ये एका फ्रेंच कार्डिनलकडून आले. त्याने रचना उत्तरेची घेतली, मात्र आक्रोश वगळला. मरियेच्या तारुण्याचे त्याचे स्वतःचे स्पष्टीकरण त्याचा चरित्रकार कोंदिवी याने १५५३ मध्ये नोंदवले आहे: निष्कलंक स्त्रीचे तारुण्य अधिक काळ टिकते, मग जिच्या मनाला पापाचा स्पर्शही झाला नाही त्या कुमारीविषयी काय सांगावे! पुत्राचे वय मात्र त्याने मुद्दाम खरे ठेवले, कारण देवाचा पुत्र असूनही तो खऱ्या अर्थाने मनुष्य झाला होता.

उत्तर ३ (मातीकाम):
हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण ते शिल्प पूर्ण झाल्यावर अर्ध्या शतकाने दिलेले आहे. चोविशीच्या आसपासच्या त्या शिल्पकारासमोर मुख्य अडचण होती ती प्रौढ पुरुषाचे शरीर एका स्त्रीच्या मांडीवर विसावण्याची. म्हणून त्याने मरिया प्रमाणाबाहेर मोठी केली आणि तो आकार वस्त्राच्या चुण्यांत झाकला. एवढ्या भव्य देहावर वृद्ध, सुरकुतलेला चेहरा शोभला नसता, असे आपले माझे मत. हाच विषय त्याने १५६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातील त्याच्या अखेरच्या अपूर्ण शिल्पात आई बसलेली नाही. ती मागे उभी राहून पुत्राला सावरते, आणि तिचा चेहरा इतका अस्फुट आहे की तिच्या वयाचा अंदाजच करता येत नाही. आपल्या पहिल्या प्रश्नासाठी ही दोन्ही शिल्पे शेजारी ठेवून पाहावीत.