बी४५० मदरबोर्ड बदलावा का? दुकानदार बदल म्हणायलाय, मला पटंना

परभणीकर_गेमर:
राम राम मंडळी. पीसी असा हाय, प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ८+८ डीडीआर४ रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. व्हॅलोरंट गेममधी फाईट सुरू झाली की झटके बसायलेत. दुकानदार म्हणतो एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हंजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) बोर्ड टाक. म्हंजे प्रोसेसर आन् डीडीआर५ बी नवीनच घ्यावं लागतंय, बजेटचे पार बारा वाजतेत. घ्यावा का?

औसा_रोड:
कामून पैसे घालायलास राव? बोर्डानं एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नसतेत. बैल तेच ठेवून नुसती गाडी बदलल्यासारखं हाय ते. तुझ्याच बोर्डावर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५७००एक्स३डी प्रोसेसर बसतो, ८ कोअर आन् ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरातलीच वेगवान मेमरी), तुझ्या ३६०० ला ३२ च हाय. मिळाला तर घे, नाहीतर साधा ५६०० बी चालतो. आन् रॅमचे भाव बघितलेस का, २०२५ च्या शेवटापासून कंपन्या सगळा माल एआय सर्व्हरकडं वळवायलेत आन् आपण इकडं डीडीआर५ च्या किमती बघून डोळे पांढरे करायलोत.

नांदेडी_टेक:
सहमत नाही. तुझ्या बोर्डाचा एएम४ मेलेला सॉकेट हाय, २०१७ च्या पहिल्या रायझनपासून चालत आलेला. आज त्यात पैसे घातले की पुढं रस्ता बंद. एएम५ ला एएमडीनं किमान २०२७ पर्यंत सपोर्ट सांगितलाय, एकदाच कळ सोसायची. शिवाय बी४५० ला पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडायचा रस्ता) जुनं ३ च हाय, पुढचं कार्ड अडकंल.

औसा_रोड:
पीसीआयईचं भूत दाखवू नको. ३०६० ला त्या रस्त्याच्या पूर्ण १६ लेन हायेत, फरक नावाला पडतो. ६५०० एक्सटीसारखं ४ लेनचं कार्ड असतं तर मानलं असतं, ते जुन्या बोर्डावर खरंच मार खातंय.

जालना_४३_डिग्री:
दोघंबी एक विसरायलात, व्हीआरएम, म्हंजे बोर्डावरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. काही स्वस्तातल्या बोर्डांच्या व्हीआरएमवर हीटसिंकच (उष्णता काढणारा धातूचा तुकडा) नसतंय, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ८ कोअर तापला की क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येतंय. म्हंजे बोर्डानं फरक पडतच नाही हे बी खरं नाही. आन् बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नको, आपल्याकडची लाईट कवा जाईल नेम नाही, मधीच गेली तर बोर्ड गेलाच समज. विंडोजचं लायसन ओईएम (पीसीसोबतच आलेलं) असंल तर ते बी बोर्डाला बांधलेलं असतंय, नवीन बोर्डावर पुन्हा घ्यायची पाळी येऊ शकती.

औसा_रोड:
हे बरोबर. पण आधी बघ तरी दुखायलंय कुठं. एफपीएस लॉक काढ, ओव्हरले (गेम चालताना स्क्रीनवर आकडे दाखवणारं) लाव. जीपीयू, म्हंजे ग्राफिक्स कार्डाचा वापर, ९७-९९ टक्के असंल तर कार्ड कमी पडायलंय, प्रोसेसर-बोर्ड बदलून काय उपयोग नाही. ५०-६० वर लोळत असंल तर प्रोसेसर. रिझोल्यूशन कमी करून बी एफपीएस तेवढेच राहिले की शंकाच नाही.

परभणीकर_गेमर:
बघितलं. व्हॅलोरंटमधी जीपीयू ५० च्या आसपास, जीटीए फाईव्हमधी सगळं अल्ट्रावर टाकलं की ९८. आता?

नांदेडी_टेक:
बघ, प्रोसेसरच अडकायलाय. मी म्हणतो तेच, एएम५ घे.

औसा_रोड:
प्रोसेसर अडकायलाय म्हणून बोर्ड, रॅम सगळंच बदलायचं? रॅम २१३३ वर चालती का ३२०० वर ते बघ आधी, बायोसमधी एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) बंद असंल तर ३६०० चा दम तिथंच निघतो. ते फुकटात होतंय.

जालना_४३_डिग्री:
टास्क मॅनेजरमधी रॅमचा स्पीड दिसतो. आन् बोर्डाचं मॉडेल टाक, हीटसिंक हाय का ते बघून ५७००एक्स३डी का ५६०० ते सांगतो.