मराठी मजकुरात मधल्याच काही ओळींचं अंतर वाढतंय – वर्डमध्ये सरळ कसं करायचं?

स्मरणिका_९६:

नमस्कार मंडळी. ग्रंथालयाच्या स्मरणिकेची पानं वर्डमध्ये लावतोय. ए५ आकार, ९६ पानं, ७० ग्रॅम मॅपलिथो कागदावर ऑफसेट छपाई. छापखान्याला पीडीएफ द्यायची आहे. मजकूर पंचवीसेक लेखकांचा आहे. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला, कुणी गूगल डॉक्समध्ये, दोघांचा श्रीलिपीतून (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) युनिकोडमध्ये बदलून घेतला. सगळ्याला एकच फाँट दिलाय (जुना, मोफत मिळालेला युनिकोड फाँट, १२ पॉइंट) आणि लाइन स्पेसिंग मल्टिपल १.१५ ठेवलंय.

तरी ओळी एकसारख्या बसत नाहीत. "ॲडव्हान्स म्हणून ₹ ५०१ जमा केले" अशी ओळ आली की तिच्या वर ठळक फट पडते. बऱ्याच परिच्छेदांची फक्त शेवटची ओळ खाली सरकलेली दिसते. तळटीपेचा आकडा असलेली ओळ कधी ठीक असते, कधी नाही. आणि ३४ ते ४१ या पानांवर ओळी नीट आहेत, पण परिच्छेदांमधलं अंतर दर पानावर वेगळं.

लीडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) अक्षराच्या १.२ पट असावं असं वाचलं होतं, म्हणून लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली १४ पॉइंट करून पाहिलं. तर वेलांट्या आणि रफार वरून छाटले गेले. नक्की काय चुकतंय?

पानलावणी:

चार वेगवेगळी कारणं एकत्र आली आहेत, त्यामुळे एका बटणाने सगळं सुटणार नाही.

मुळात सिंगल किंवा मल्टिपल असताना वर्ड ओळीची उंची पॉइंट साइजवरून ठरवत नाही. त्या ओळीत जे जे फाँट आलेत, त्या प्रत्येकाच्या आत त्याची वरची आणि खालची हद्द नोंदलेली असते. ओळीतल्या सगळ्यांत उंच हद्दीच्या फाँटप्रमाणे अख्ख्या ओळीला जागा मिळते. मंगल १२ आणि निर्मला यूआय १२ दोन्ही बारा पॉइंटच, पण मंगलची ओळ बरीच उंच होते. त्यामुळे परक्या फाँटमधलं एक अक्षर, एक अवतरणचिन्ह, अगदी एक रिकामी जागासुद्धा ओळ ढकलायला पुरते.

आता तुमची ॲडव्हान्सची ओळ. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ₹ हे चिन्ह २०१० साली. त्याआधीच्या फाँटांत ही दोन्ही बहुतेक सापडत नाहीत. अक्षर सापडलं नाही की वर्ड ते दुसऱ्या फाँटमधून उसनं आणतो आणि वरच्या पट्टीत नाव मात्र पुष्कळदा तुमच्याच फाँटचं दाखवतो. म्हणून "सगळा एकच फाँट आहे" असं वाटतं. खात्री करायची तर पीडीएफ काढा, ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा आणि कंट्रोल+डी दाबून फाँट्स हा टॅब बघा. फाइलमध्ये खरोखर वापरलेल्या सगळ्या फाँटांची यादी तिथे मिळते. मजकुराचा एक आणि इंग्रजी शब्दांचा एक, एवढेच असायला हवेत. तुमच्याकडे पाच-सहा निघतील.

याला उपाय एकच, फाँट बदला. निर्मला यूआय चालेल, पण तो पडद्यासाठी केलेला आहे. छापील पुस्तकासाठी तिरो देवनागरी मराठी घ्या, गूगल फाँट्सवर मोफत आहे आणि ल, श मराठी वळणाचे आहेत. ॲ च्या जागी अ वर चंद्र देऊन काम भागवू नका. दिसायला सारखं दिसलं तरी शोधताना ते सापडत नाही. फाइलमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेत का ते असं बघा: अक्षराच्या लगेच मागे कर्सर ठेवून ऑल्ट+एक्स दाबा. ०९७२ उमटलं तर एकसंध ॲ, "अ" राहून पुढे ०९४५ उमटलं तर जोडलेला. पुन्हा ऑल्ट+एक्स दाबलं की अक्षर पूर्ववत होतं. जोडलेले सगळे फाइंड-रिप्लेसने बदलून घ्या.

परिच्छेदाची शेवटची ओळ: कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून परिच्छेदखुणा चालू करा. ओळीच्या शेवटी दिसणाऱ्या ¶ या खुणेलाही स्वतःचा फाँट आणि साइज असते आणि ती शेवटच्या ओळीच्या उंचीत धरली जाते. मजकूर माउसने ओढून निवडला आणि खूण बाहेर राहिली, की अक्षरं नव्या फाँटमध्ये जातात आणि खूण जुन्या मंगल १४ मध्येच राहते. फक्त ¶ निवडून शिफ्ट+एफ१ दाबा, बाजूच्या पट्टीत सगळं दिसेल.

३४ ते ४१ हा बहुधा वेगळा सेक्शन (स्वतःची पानाची मांडणी असलेला फाइलचा भाग) आहे, कुणाची तरी फाइल जशीच्या तशी आत आलेली. त्यातल्या कुठल्याही पानावर कर्सर ठेवून पेज सेटअप, लेआउट, व्हर्टिकल अलाइनमेंट बघा. तिथे जस्टिफाइड असेल तर टॉप करा. जस्टिफाइडमध्ये पान तळापर्यंत भरावं म्हणून वर्ड परिच्छेदांमधली जागा ताणतो. दर पानावर उरलेली जागा वेगळी, म्हणून अंतरही वेगळं.

टंक_आणि_टाक:

वरचं सगळं बरोबर. एक्झॅक्टलीबद्दल मी सांगतो, कारण तुमचा उपाय योग्य होता, आकडा चुकला.

१.२ पट हे प्रमाण रोमन अक्षरांसाठी चालतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार एकावर एक येतात आणि खाली जोडाक्षराला उकार लागतो. मराठी पुस्तकाच्या मजकुराला दीडपटीच्या आसपास लागतंच. १२ ला १८ ते १९ धरा. नेमका आकडा फाँटवर अवलंबून असतो, तो असा काढा: एका ओळीत "ट्ठू द्ध्रू ळ्ळू" आणि तिच्या बरोबर खाली "र्कीं र्तीं र्ष्टीं" टाइप करा. एक्झॅक्टली २० वरून अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने खाली या. प्रत्येक वेळी पीडीएफ काढून ४०० टक्क्यांवर बघा, वर्डच्या पडद्यावर भरवसा ठेवू नका. वरचा उकार खालच्या रफाराला टेकला, किंवा रफाराचं टोक छाटलं गेलं, की तिथून एक पॉइंट वर या. तिरो १२ साठी मी १९ पासून सुरुवात करेन.

पण आधी फाँट, मग एक्झॅक्टली. उलट केलं तर ओळी सरळ होतील आणि दोष मात्र आत राहील: उसन्या फाँटमधल्या ॲ ची शिरोरेषा शेजारच्या ड च्या शिरोरेषेपेक्षा जाड किंवा किंचित वर राहते, आणि छापल्यावर ती जास्तच खुपते.

फाँट बदलताना वरच्या पट्टीतल्या डब्यावर अवलंबून राहू नका. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट धरतो आणि तिचा फाँट व साइज लॅटिनपेक्षा वेगळी ठेवतो. पट्टीतून बदललं की दोन्ही बदलतातच असं नाही. नॉर्मल स्टाइलवर उजवं क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, फाँट असं जा आणि लॅटिन टेक्स्ट व कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या दोन्ही भागांत फाँट आणि १२ ही साइज भरा. मग त्याच स्टाइलवर उजवं क्लिक करून सिलेक्ट ऑल इन्स्टन्सेस, आणि कंट्रोल+डी उघडून तेच पुन्हा भरा. यामुळे आधी हाताने दिलेले फाँट जातात, पण ठळक आणि तिरपी अक्षरं टिकतात. ¶ खुणाही आपोआप यात येतात.

एक गोष्ट मात्र टाळा. कंट्रोल+ए करून कंट्रोल+स्पेस दाबायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने कॅरेक्टर स्टाइलही उडते आणि तळटीपांचे सगळे आकडे मोठे होऊन ओळीत खाली येतात. कुणी आधीच दाबलं असेल तर फाइंड-रिप्लेस उघडा, फाइंडमध्ये स्पेशल मेनूतून फुटनोट मार्क घ्या, रिप्लेसमध्ये फाइंड व्हॉट टेक्स्ट घ्या आणि त्याला फुटनोट रेफरन्स ही स्टाइल द्या.

आता पानाचं गणित. ७० ग्रॅमचा कागद आहे, पाठची छपाई थोडी दिसणारच. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींवर बसल्या तर पान स्वच्छ दिसतं, नाहीतर ओळींच्या मधल्या जागेत करडी सावली येते. ए५ ची उंची २१० मिमी. वर १८ आणि खाली २४ मिमी सोडले तर १६८ मिमी उरतात, म्हणजे ४७६ पॉइंट. १९ ने २५ ओळी म्हणजे ४७५. बरोबर बसतं.

यासाठी मजकुराच्या स्टाइलला स्पेस बिफोर आणि आफ्टर दोन्ही शून्य करा आणि परिच्छेद ५ मिमी आत घेऊन सुरू करा. वेबवरून किंवा गूगल डॉक्समधून आलेल्या मजकुरात या डब्यांत कधी ऑटो असतं, तेही काढा. पोटशीर्षकाने एकूण १९ च्या पटीत जागा खावी: १६ पॉइंट अक्षर, एक्झॅक्टली २४, वर २१, खाली १२, म्हणजे ५७, तीन ओळी. तळटीपांची स्टाइल वेगळी ठेवा, १० पॉइंटला एक्झॅक्टली १५. तळटीपा पानाच्या तळाशी असल्याने मुख्य मजकुराच्या ओळी त्यांच्यामुळे हलत नाहीत. आकडा असलेली ओळ एक्झॅक्टलीनंतर उंचावणार नाही.

खिळे_ते_पीडीएफ:

९६ पानं आणि छपाई ऑफसेटची, तर माझं मत इनडिझाइनकडे जातं. बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतराच्या रेषा) १९ पॉइंट केला आणि मजकुराच्या स्टाइलला अलाइन टू ग्रिड दिलं की पोटशीर्षकांची बेरीज करत बसावी लागत नाही.

पण तिथेही हाच दोष वेगळ्या वाटेने येतो, म्हणून जाणारे जे असतील त्यांच्यासाठी लिहितो. इनडिझाइनमध्ये लीडिंग अक्षराला लागतं, परिच्छेदाला नाही, आणि ओळीतलं सगळ्यांत मोठं लीडिंग जिंकतं. एका शब्दाला चुकून २२ राहिलं तर तेवढीच ओळ खाली जाते. प्रेफरन्सेस, टाइप, अप्लाय लीडिंग टू एंटायर पॅराग्राफ्स चालू करा. लीडिंगच्या डब्यात आकडा कंसात दिसला तर ते ऑटो आहे, म्हणजे साइजच्या १२० टक्के, आणि ते मराठीला कमीच पडतं. तिथे आकडा स्वतः टाका. शेजारच्या दोन रकान्यांची पहिलीच ओळ वर-खाली दिसली तर टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्स, बेसलाइन ऑप्शन्समध्ये ऑफसेट असेंटवर असेल, तो लीडिंग करा. असेंट म्हणजे फाँटची वरची हद्द, ती फाँटप्रमाणे बदलते. आणि वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडल्याशिवाय देवनागरी नीट जुळणारच नाही.

टंक_आणि_टाक:

इनडिझाइन चांगलंच. पण सगळा मजकूर आत आला आहे, तळटीपा लागल्या आहेत, रकाने नाहीत. एवढ्यासाठी आता सॉफ्टवेअर बदलू नये असं मला वाटतं. लिबरऑफिसमध्येही ग्रिडसारखी सोय आहे: पेज स्टाइलमध्ये पेज लाइन-स्पेसिंग चालू करून संदर्भाची स्टाइल निवडायची आणि मजकुराच्या स्टाइलमध्येही ते चालू करायचं. लाइन स्पेसिंग तिथे फिक्स्ड.

स्मरणिका_९६:

दोघांचे आणि खिळे_ते_पीडीएफ यांचेही आभार. ३४ ते ४१ खरंच वेगळा सेक्शन होता आणि जस्टिफाइडच होता. तिरो १२, एक्झॅक्टली १९ केलं. ट्ठू आणि र्कीं यांच्यात जागा राहते आहे. ॲडव्हान्सची ओळ बाकीच्यांसारखी झाली, शिरोरेषाही सलग आली.

दोन अडचणी उरल्या. फोटोंची फक्त खालची पट्टी दिसते, बाकी फोटो गायब. आणि पीडीएफच्या फाँट-यादीत मंगल अजून आहे, मजकुरात शोधून सापडत नाही.

पानलावणी:

फोटो ओळीत ठेवलेले आहेत, म्हणजे वर्डच्या लेखी ते एक मोठं अक्षर. एक्झॅक्टली १९ सांगितल्यावर त्यालाही १९ पॉइंटच मिळतात. "छायाचित्र" नावाची वेगळी स्टाइल करा, लाइन स्पेसिंग सिंगल, मध्ये अलाइन, आणि फोटो असलेल्या प्रत्येक परिच्छेदाला ती द्या. फोटो, त्याच्या वरखालची जागा आणि ओळख मिळून उंची १९ च्या पटीत ठेवली तर पुढच्या ओळी ग्रिडवरच राहतात. उदाहरणार्थ फोटो २०९ पॉइंट, म्हणजे ७३.७ मिमी (अकरा ओळी), आणि खाली एका ओळीची ओळख एक्झॅक्टली १९. पण सिंगलमध्ये फोटोखाली त्या परिच्छेदाच्या फाँटची थोडी जागा शिल्लक राहते, म्हणून त्या स्टाइलची साइज १ पॉइंट करून टाका, लॅटिन आणि कॉम्प्लेक्स दोन्हीकडे. तरी पॉइंट-दोन पॉइंट उरतात, तेवढी फोटोची उंची कमी करा.

मंगल बहुतेक मजकुराच्या बाहेर आहे. कंट्रोल+ए मुख्य मजकूरच निवडतं; शीर्षटीप, पानक्रमांकाची पट्टी, तळटीपा आणि टेक्स्ट बॉक्स त्यात येत नाहीत. फाइंड उघडा, मोअर, फॉरमॅट, फाँटमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा फाँट मंगल निवडा, शोधायची चौकट रिकामी ठेवा आणि फाइंड इनमधून एकेक भाग घ्या. त्यातही नाही मिळालं तर यादीच्या बुलेटांचे आणि क्रमांकांचे फाँट बघा. ते डिफाइन न्यू नंबर फॉरमॅटमध्ये वेगळे लागतात आणि फाइंडला दिसत नाहीत.

छापखान्याला पीडीएफच द्या, वर्डची फाइल नको. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट वेगळे घ्यावे लागतात, तिरो तर कुणाकडे असेलच असं नाही. त्यांच्या मशीनवर फाँट नसला तर बदली फाँट लागून २५ ओळींचं सगळं गणित सरकेल. वर्डची फाइल द्यावीच लागली तर फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये एम्बेड फाँट्स चालू करून द्या.

टंक_आणि_टाक:

विडो-ऑर्फन कंट्रोल (परिच्छेदाची एकटी ओळ पानाच्या वर किंवा तळाशी पडू न देणारी सोय) चालू असेल तर काही पानं २४ ओळींवर थांबतील. ओळी ग्रिडवरच असतात, फक्त तळाची एक रिकामी राहते. समोरासमोरच्या दोन पानांत २४ आणि २५ असा फरक दिसला तर संपादकांना विचारून एखादा शब्द कमी करून बघा. अंतर १८.५ करून जागा काढू नका, पाठच्या पानाशी जुळणी तिथेच मोडते.