लस घेतलेल्या तरुणांना गोवर-रुबेलापासून खरोखर संरक्षण आहे का?

मुळाकाठ : काल या मंचावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले की, त्यांच्या लहानपणी गोवर येऊन गेला, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला आणि जन्माचे संरक्षण मिळाले, आजच्या लस घेतलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती मात्र विशीतच संपते. हे वाचून गप्प राहवले नाही. गोवर होऊन गेलेल्याला बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळते, हे मान्य. पण न्यूमोनियाने किंवा मेंदूज्वराने जी मुले गेली, ती आठवणी सांगायला उरलेली नाहीत. शिवाय गोवर इतर रोगांविरुद्ध आधी मिळालेली प्रतिपिंडेही (रोगाशी लढणारी रक्तातील प्रथिने) पुसून टाकतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आले आहे.

दोष लसीचा नाही, अपुऱ्या डोसांचा आहे. सरकारी कार्यक्रमात १९८५ पासून गोवराचा एकच डोस होता आणि तोही नवव्या महिन्यात, जेव्हा आईकडून आलेली प्रतिपिंडे काही बाळांच्या रक्तात शिल्लक असतात. त्यामुळे १०० पैकी सुमारे ८५ बाळांनाच त्याचा लाभ होतो. दुसरा डोस २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. महाराष्ट्रात रुबेलाची, म्हणजे गोवरासारखे पुरळ आणणाऱ्या दुसऱ्या विषाणूची, लस सरकारी मार्गाने पोहोचली ती नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेत, नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयोगटासाठी. तेव्हा जे सोळा-सतरा वर्षांचे होते आणि ज्यांना खासगी डॉक्टरांकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) मिळाली नव्हती, त्यांना आपण 'लसवंत' म्हणतो. रुबेलाच्या बाबतीत ते तसे नाहीत.

कोरेगावकर : आपला मुद्दा मला पटत नाही. माझ्या मुलीचे एमएमआरचे दोन्ही डोस वेळेवर झाले असून कार्डावर तारखा आहेत. अमेरिकेतील विद्यापीठासाठी रक्त तपासले, तर गोवराची आयजीजी, म्हणजे संरक्षक प्रतिपिंडांची चाचणी, निगेटिव्ह आली. दोन डोस घेऊनही हा निकाल येत असेल, तर डोस कमी पडले हे स्पष्टीकरण कसे टिकते? चाचणीचे पैसे गेले, तिसऱ्या डोसाचे गेले आणि प्रवासाच्या तोंडावर घरात आठवडाभर ताण राहिला, तो वेगळाच.

निवृत्त परिचारिका : कोरेगावकर साहेब, मुलीची ती चाचणी करायलाच नको होती. दोन डोसांची लेखी नोंद हाच पुरावा पुरेसा धरला जातो. लसीने तयार होणारी प्रतिपिंडे आजारानंतरच्या प्रतिपिंडांहून कमी असतात आणि नेहमीच्या एलायझा या रक्तचाचणीत ती कधी कधी सापडत नाहीत. विषाणू ओळखण्याची शरीराची स्मृती मात्र शाबूत असू शकते. दोन डोसांनंतर सुमारे ९७ टक्के लोकांना गोवरापासून संरक्षण मिळते, आणि उरलेल्यांपैकी कोणाला तो झालाच तर बहुधा सौम्य होतो. मी एकतीस वर्षे उपकेंद्रावर लसीकरण केले आणि प्रत्येक आईला एकच सांगत आले, की कार्ड जपून ठेवा. लोकांनी रेशनकार्ड जपले, बाळाचे कार्ड नाही.

अनुस्वार : ताई, हे वाक्य मला फार लागले. माझ्या आईने कार्ड जपले होते; २००५ च्या पुरात घरासोबत तेही गेले. जेथे लस दिली त्या रुग्णालयात चौकशी केली, तर जुनी नोंदवही रद्दीत गेल्याचे सांगण्यात आले. नोंद ठेवणे हे संस्थेचे काम असताना त्याचे खापर प्रत्येक वेळी आईच्या माथी का फोडले जाते?

निवृत्त परिचारिका : पुराबद्दल वाईट वाटते. पण मी पाच गावांच्या नोंदवह्या हाताने लिहिल्या आणि त्या जपण्यासाठी मला एक कपाटही मिळाले नाही. रद्दीचा निर्णय परिचारिका घेत नाही.

अनुस्वार : मग माझ्या आईचाही दोष नाही, एवढे तरी लिहा.

निवृत्त परिचारिका : लिहिते. नाही. आणि कार्ड नसले तरी अडत नाही : डोस पुन्हा घ्यावा, जादा डोसाने अपाय होत नाही. फक्त गरोदरपणात ही लस घ्यायची नसते आणि घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात.

पाणवठा : कार्डाचा हा वाद वाचताना मला धाकटी बहीण आठवत राहिली. गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात तिला बारीक ताप आला, अंगावर पुरळ उठले आणि तीन दिवसांत सारे ओसरले. कोणी मनावर घेतले नाही. बाळ जन्मले ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, आणि पुढे कळले की त्याला ऐकूही येत नाही. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने रुबेला आणि बाळांचा मोतीबिंदू यांचा संबंध १९४१ मध्येच दाखवला होता. गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत संसर्ग झाल्यास बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. बहिणीला ही लस घे, असे लग्नाआधी कोणीही सांगितले नाही. मी शिकलेला भाऊ असून मीही नाही.

मुळाकाठ : पाणवठा, यावर काय लिहावे सुचत नाही. एवढेच जोडतो की अर्धवट लसीकरण इथे धोकादायक ठरते. ग्रीसमध्ये बरीच वर्षे मोजक्याच मुलांना रुबेलाची लस मिळत राहिली. विषाणूचा फैलाव मंदावला, मुली लहानपणी आजारी न पडता मोठ्या झाल्या आणि १९९३ च्या साथीत तो त्यांना गरोदरपणी गाठू लागला. आपल्याकडे २०१८ ची मोहीम वयामुळे ज्यांना लाभली नाही, त्या मुलींची मला म्हणूनच काळजी वाटते.

कोरेगावकर : चाचणीच्या नावाखाली पैसे उकळले जातात, हे माझे म्हणणे कायम आहे आणि त्यावर कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही. पण डोसांच्या हिशेबापुरते आपले बरोबर आहे, असे मानावे लागते. आमची सून १९९७ ची, गावी वाढलेली. तिच्या कार्डावर गोवराचा एकच डोस आहे आणि रुबेलाचा उल्लेखही नाही. मी हे बोलणे तिला अवघड वाटेल, म्हणून हा धागा पत्नीला वाचायला दिला आहे. सोमवारी त्या दोघी डॉक्टरांकडे जातील.