मदत हवी आहे: पाड्यावरील घरे बंद असताना सर्वेक्षण पूर्ण कसे करावे?

सातपुड्याची_लेक
नमस्कार. लघुशोधप्रबंध २० फेब्रुवारीला सादर करावयाचा आहे. मार्गदर्शकांना पन्नास अनुसूची (एका कुटुंबाची माहिती भरावयाची एकेक प्रश्नावली) हव्या आहेत आणि माझ्या हाती भरलेल्या केवळ एकोणीस आहेत. गेले तीन शनिवार मी पाड्यावर जाऊन आले, परंतु घरे बंद आहेत. एका घराच्या कडीला सुतळीची गाठ मारलेली होती आणि शेळ्या आत शिरू नयेत म्हणून उंबऱ्यावर काटेरी फांदी आडवी टाकलेली होती. उरलेल्या एकतीस अनुसूची कशा भराव्यात, एवढेच कृपया लवकर सांगावे. परवा मार्गदर्शकांना उत्तर द्यावयाचे आहे.

तापीकाठ
ताई, तालुका कोणता, अभ्यासक्रम कोणता, विषय काय आणि घरे बंद का आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. उत्तर कशाच्या आधारे द्यावे?

सातपुड्याची_लेक
एम. एस. डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी), द्वितीय वर्ष, धडगाव तालुका. घरे बंद का, हे खान्देशातल्या माणसाला सांगावे लागते का? दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे मुलाबाळांसह गुजरातेत ऊसतोडीला जातात.

शिरपूरचा_मास्तर
एवढी पायपीट कशासाठी? गूगल फॉर्म तयार करून सर्वांच्या मोबाइलवर पाठवावा. मी शाळेतील पालकांची माहिती एका दिवसात गोळा केली होती.

सातपुड्याची_लेक
सर, माझ्या अनुसूचीतला प्रत्येक प्रश्न मला पावरी या तिथल्या आदिवासी बोलीत समजावून सांगावा लागतो आणि उत्तर मीच लिहून घेते. फडावर दिवसभर ऊस तोडून आलेली बाई फॉर्म भरेल, असे आपल्याला खरेच वाटते का?

यशाची_वाट
लघुशोधप्रबंधाला गुण मिळतातच, त्यात फार अडकू नका. समाजकार्य विषयात नेट किंवा सेटची तयारी आत्तापासून सुरू करावी. टिपणे हवी असल्यास मला संदेश पाठवा.

तापीकाठ
हा प्रश्न कोणी विचारला होता?

जुना_विद्यार्थी
होळीपर्यंत मुदतवाढ मागावी. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारापर्यंत बरीच मंडळी परततात आणि काठी गावच्या राजवाडी होळीला तर दूरदूरची माणसे येतात. मी माझे सर्वेक्षण असेच पूर्ण केले.

सातपुड्याची_लेक
होळी मार्चमध्ये आहे. मुदतवाढ मिळणार नाही, हे आधीच सांगण्यात आले आहे.

क्षेत्रकार्याची_नोंदवही
मी अनेक वर्षे क्षेत्रकार्य (विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष वस्तीतले काम) मार्गदर्शक होतो, म्हणून थोडे मूळ सांगतो. आपल्याकडील व्यावसायिक समाजकार्य शिक्षण मुंबईत उभे राहिले. १९२६ मध्ये नागपाड्यात वस्तीकेंद्र सुरू झाले आणि १९३६ मध्ये टाटांच्या संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य ही पद्धत शहरातल्या चाळीला शोभते, कारण चाळीतला कामगार संध्याकाळी घरी येतोच. आपल्याकडे विद्यार्थिनीला वस्तीची ओळख होता होता दिवाळी येते आणि वस्तीच निघून जाते, तरीही वेळापत्रक तेच राहते. दोष या मुलीचा नाही. सलग क्षेत्रकार्याचे आठवडे बार्डोलीकडच्या फडांवर ठेवावेत, असे मी पूर्वी सुचवले होते, तेव्हा लोक हसले होते.

शिरपूरचा_मास्तर
मुलींना परराज्यात फडावर पाठवायचे? जबाबदारी कोण घेणार?

क्षेत्रकार्याची_नोंदवही
त्याच फडांवर पाड्यातील मुली राहतातच की, मास्तर.

पाड्यावरचा
मी त्याच तालुक्यातला आहे. दर वर्षी कोणी तरी अनुसूची घेऊन येते, आमची माणसे कामे सोडून ओट्यावर बसतात, आणि पुढे त्या कागदांचे काय झाले ते कोणी सांगायला येत नाही. फडावर गेलेल्या कुटुंबाला आपल्याच शिधापत्रिकेवर, आधारची पडताळणी करून, गुजरातेतल्या रास्त भाव दुकानातून धान्य घेता येते, हे आमच्या पाड्यात पुष्कळांना उशिरा कळले, आणि तेही एका ऊसतोड्याकडून. सर्वेक्षण करणाऱ्यांनी एवढे तरी सांगायला हवे होते. ताई, आपला विषय नेमका काय, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.

सातपुड्याची_लेक
आपले म्हणणे खरे आहे. मलाही एका आजीने विचारले की मागच्या पोरींनी लिहून नेले त्याचे काय झाले, आणि मला उत्तर देता आले नाही. माझा विषय ‘वैयक्तिक वनहक्क मिळालेल्या कुटुंबांच्या हंगामी स्थलांतरात झालेला बदल’ असा आहे. म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ज्यांना कायद्याने मिळाला, अशी कुटुंबे.

क्षेत्रकार्याची_नोंदवही
अहो, हे पहिल्याच वाक्यात लिहायला हवे होते! स्थलांतराचा अभ्यास करताना बंद घरे वगळून उघडी घरे मोजली, तर निष्कर्ष आपोआप ‘स्थलांतर कमी झाले’ असाच निघेल. पन्नास कुटुंबांची यादी आहे तशीच ठेवा. ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दाव्यांची नोंद असते. त्या नोंदीवरून प्रत्येक बंद घराला हक्क मिळाला, दावा प्रलंबित राहिला की फेटाळला गेला, हे लिहून घ्या. वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहित दावेदाराचे हक्कपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे असते, त्यामुळे घर ओळखताना दोन्ही नावे पाहा.

जुना_विद्यार्थी
शेजाऱ्यांकडून घेतलेली माहिती संशोधनात ग्राह्य धरली जात नाही.

क्षेत्रकार्याची_नोंदवही
उत्पन्न किंवा कर्ज शेजाऱ्याला विचारू नयेच. कुटुंब केव्हा गेले आणि कोण मागे राहिले, हे शेजारी सांगू शकतो. फक्त ही माहिती शेजाऱ्याकडून मिळाली, अशी वेगळी नोंद करावी आणि मर्यादांच्या प्रकरणात ते स्पष्ट लिहावे. बाकीचे प्रश्न फोनवर, रात्री, पावरीतून विचारावेत.

पाड्यावरचा
पाण्याचा प्रश्न अनुसूचीत नसेल तर घाला. हक्कपत्र मिळाले तरी डोंगरउताराच्या जमिनीत पावसाळ्यातली ज्वारी किंवा मका निघाला की पुढे करायला काही उरत नाही. ज्याच्याकडे विहीर झाली तो थांबतो, असे मला दिसते. ते खरे की खोटे, हे आपण तपासून सांगा.

सातपुड्याची_लेक
पाण्याचा प्रश्न खरोखरच नव्हता. तो आज घातला. मार्गदर्शकांनी बंद घरांचा वेगळा तक्ता मान्य केला आहे, मात्र किमान दहा कुटुंबांशी फोनवर बोलण्याची अट घातली आहे. क्रमांक त्या आजींच्या नातवाकडून मिळत आहेत. पाड्यावरचा दादा, होळीनंतरच्या ग्रामसभेत हे सगळे पावरीतून वाचून दाखवायचे असेल, तर आधी कोणाला भेटावे लागेल?

पाड्यावरचा
आधी पोलीसपाटलांना भेटा. आणि दुपारी येऊ नका, कोणी सापडणार नाही.